मैदानाचा सातबारा कोणाच्या नावावर?

खोपोली दोन मोठ्या मैदानांच्या मध्ये आहे. बोरघाट चढून लोणावळा ओलांडले की द्रुतगती मार्गालगत गहुंजे लागते. पनवेलच्या दिशेने निघाले की नेरुळचे डी. वाय. पाटील स्टेडियम. २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारताच्या मुलींनी याच नेरुळला दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा कर्जत-खालापुरातही फटाके वाजले. विजय सर्वांचा असतो. मैदान मात्र कोणाच्या तरी मालकीचे असते. जमीन कोणाची, पैसा कोणाचा आणि ताबा कोणाचा, हे प्रत्येक स्टेडियमबद्दल विचारायला हवे.

मुंबईचे ब्रेबॉर्न हे क्लबच्या मालकीचे. समुद्र हटवून मिळवलेली बॅकबेची जमीन क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने सरकारकडून साडेतेरा रुपये चौरस यार्ड दराने घेतली आणि १९३७ मध्ये स्टेडियम उघडले. पुढे तिकिटांच्या वाटपावरून क्लब आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांच्यात बेबनाव झाला. संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी जवळच दुसरे स्टेडियम उभे केले आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली. ब्रेबॉर्नवर १९७३ नंतरची कसोटी थेट २००९ मध्ये. तिकिटांच्या एका वादापायी शहरात हाकेच्या अंतरावर दोन स्टेडियमे झाली.

वानखेडेची जमीन राज्य सरकारची, भाडेपट्ट्याने दिलेली. पन्नास वर्षांचा करार २०१८ मध्ये संपला आणि २०१९ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी थकबाकीपोटी सुमारे १२० कोटी रुपयांची नोटीस संघटनेला बजावली. करार करताना मुदत, भाडे आणि नूतनीकरणाच्या अटी स्पष्ट ठेवल्या नाहीत, तर पुढच्या पिढीच्या वाट्याला हिशेबाचे भांडण येते.

पुण्यातही वादातूनच दुसरे स्टेडियम झाले. नेहरू स्टेडियम महापालिकेचे. पासांवरून तिथल्या क्रिकेट संघटनेशी वाद झाला आणि संघटनेने गहुंज्याला स्वतःचे स्टेडियम बांधले. २०१२ मध्ये त्याला सहारा समूहाच्या प्रमुखांचे नाव मिळाले. ठरलेली रक्कम आली नाही म्हणून २०१३ मध्ये ते काढावे लागले. पुढे कर्ज थकले आणि २०१८ मध्ये बँकांनी प्रतीकात्मक ताबा घेतला. खासगी पैशावर उभे राहिलेले मैदानही सुरक्षित नसते, हा यातला धडा.

तिसरा मार्ग बालेवाडीचा. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी राज्य सरकारने ते संकुल उभारले. २००८ ची युवा राष्ट्रकुल स्पर्धाही तिथे झाली. आजही तिथल्या क्रीडा प्रबोधिनीत खेड्यापाड्यांतली मुले राहून सराव करतात. सरकारी मालकीचा खरा लाभ हाच: स्पर्धा संपली तरी मैदान मुलांच्या उपयोगी पडते. अर्थात सरकारने बांधले म्हणजे सगळे साधले असेही नाही. कॅनडातल्या माँट्रियलने १९७६ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या स्टेडियमचे कर्ज फिटायला २००६ उजाडले, आणि त्यासाठी लोकांना तंबाखूवर जादा कर भरावा लागला.

आता भिवंडीजवळ आमणे येथे एक लाख प्रेक्षकांच्या स्टेडियमची चर्चा आहे. ते व्हावे, पण जमीन सार्वजनिक असेल तर कराराची प्रतही सार्वजनिक असावी. भाडे बाजारभावाशी जोडलेले असावे, मुदत ठरलेली असावी, आणि सामने नसतील त्या दिवसांत शाळांना मैदान मिळेल हे करारातच लिहिलेले असावे.

हाच निकष आपल्या दाराशीही लावायला हवा. २०२२ मध्ये राज्य सरकारने तालुका क्रीडा संकुलाच्या अनुदानाची मर्यादा एक कोटीवरून पाच कोटी रुपयांवर नेली. कबड्डीवर जीव टाकणाऱ्या रायगडसाठी ही मोठी संधी आहे. पाच कोटींत लाख प्रेक्षकांची गॅलरी होत नाही, पण मातीचे चांगले मैदान, धावपट्टी, स्वच्छतागृह, दिवे आणि मुलींना निर्धास्त सराव करता येईल अशी जागा होऊ शकते. मात्र देखभालीचा खर्च दरवर्षी कोण करणार, हे भूमिपूजनाआधी ठरायला हवे.

खालापूर आणि कर्जतच्या वाचकांना माझी विनंती आहे. आपल्या तालुक्यात मैदानाचा प्रस्ताव आला की ग्रामसभेत, नगरपरिषदेत विचारा: जागा कोणाच्या नावावर राहणार, ती किती वर्षांसाठी आणि कोणत्या भाड्याने देणार, आमच्या शाळेला किती तास मिळणार? उत्तर मिळाले नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार वापरा. आपल्या पैशातून होणाऱ्या मैदानाचे मालकही आपणच असायला हवे.