बारा नारळ आणि शेवटचा चरण

साहित्याच्या आणि लेखनाच्या वर्गात मुलाच्या पदरी नेमके काय पडते, हा प्रश्न बंगळूरच्या मराठी घरांत अधिक अवघड होतो. घरात मराठी, अंगणात कानडी, शाळेत इंग्रजी; मग लिहिण्याची कला शिकावयाची ती कोणत्या भाषेतून?

याच नगरीत हा प्रश्न एकेकाळी मोठ्या थाटाने सुटला होता. १६३८ च्या सुमारास बंगळूर शहाजीराजांकडे आले. त्यांच्या दरबारी आलेल्या जयराम पिंड्ये या कवीने राजांपुढे बारा नारळ ठेवले; बारा भाषांत कविता करता येते, याची ती खूण. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या त्याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त संस्कृत, प्राकृत, गुर्जर, पंजाबी, कानडी अशा भाषांतील रचना आहेत. दरबारी मंडळी समस्या घालीत आणि कवी ती पुरी करीत.

समस्या म्हणजे श्लोकाचा शेवटचा चरण दुसऱ्याने द्यावयाचा व आधीचे तीन कवीने रचावयाचे. हा निव्वळ बुद्धीचा खेळ, असे पुष्कळांना वाटते. मला मात्र यासारखा लेखनवर्ग दुसरा दिसत नाही. मुलाला म्हणावे, ‘म्हणून त्या रात्री आजीने दिवा मालवला नाही,’ हे शेवटचे वाक्य. आता आधीचे तू लिही. प्रथम ते वाक्य त्याला नीट वाचावे लागते. ‘म्हणून’ कारण मागतो, ‘त्या’ रात्र वेगळी काढतो. कोणी यावयाचे होते काय? की कोणी आजारी होते? मग वादळाचे कितीही सुरेख वर्णन सुचले, तरी ते दिव्यापर्यंत पोचत नसेल तर खोडावे लागते. स्वतःचे आवडते वाक्य खोडणे ही गोष्ट व्याकरणाहून अवघड! निबंधाच्या ठरावीक विषयांनी ती क्वचितच साधते. तेथे पाठ केलेली सुभाषिते कोठेही खपतात.

आणि एका भाषेत हे साधले की ते दुसरीत नव्याने शिकावे लागत नाही. शब्द तेवढे नवे मिळवावे लागतात. तेव्हा शेवटचे वाक्य शेजारच्या कानडी आजींकडून मागून आणण्यास हरकत नाही. मुलाने त्याचा अर्थ त्यांनाच विचारावा, आणि आधीची हकीकत मराठीत लिहावी.