चासी वाकते कशी, वाचते कशी?

लातूरजवळ हरंगुळच्या रेल्वे कारखान्यातून 25 डिसेंबर 2020 रोजी डब्याचा पहिला सांगाडा बाहेर पडला. वीस मीटरहून लांब डबा दोन टोकांच्या बोगींवर, म्हणजे चाकांच्या सांगाड्यांवर, टेकतो. मधला भाग अधांतरीच. तरी तो झोळीसारखा लोंबत नाही, कारण भार एकटा तळ पेलत नाही. तळ, भिंती आणि छत मिळून एक पोकळ पेटी होते.

रिमोटवर चालणाऱ्या मोठ्या मॉन्स्टर ट्रकला ही पेटी बहुधा नसते. असते ती काही मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी; तीच त्याची चासी. उडी मारून गाडी आपटली की चाके वर रेटतात, बॅटरी आणि मोटर खाली ओढतात. पट्टी मधोमध वाकते.

जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो खरा, पण पट्टीचे वजनही दुप्पट, म्हणजे आपटणे आणखी जोरात. माझ्या मते हा आळशी उपाय. त्यापेक्षा पट्टीच्या कडा वर दुमडलेल्या बऱ्या. किंवा मधल्या गिअरच्या खोक्यापासून पुढच्या-मागच्या टोकांपर्यंत वरून दांडी घालावी. आपटताना खालची पट्टी ताणली जाते, वरची दांडी दाबली जाते. दोन्हींतले अंतर वाढवले की ताठपणा झपाट्याने वाढतो.

नांदेड-लातूर रस्त्यावर ऊस वाहणाऱ्या ट्रकखाली वाकून पाहा: चासीचे दोन्ही लांब बीम उभे असतात, आडवे नाहीत. त्यांच्या वरच्या-खालच्या कडांना ताण सर्वाधिक, म्हणून तिथे भोक पाडायचे नसते. आपल्या रिमोटवरच्या ट्रकलाही ड्रिल लावताना कडा सोडा.