आमिषातले स्केट

भाचीबरोबर 'फ्रोझन' किती वेळा पाहिला, याचा हिशेब मी सोडून दिलाय. परवा तिनं नवी टूम काढली. रिमोट तिच्या ताब्यात आणि दर दोन मिनिटांनी सिनेमा जागच्या जागी खिळलेला. राज्याभिषेकाच्या दिवशी राजवाड्याची दारं उघडतात, पाहुण्यांचा लोंढा आत शिरतो, तिथं ती ओरडली, "मावशी, ती बघ रॅपन्झेल!" खरंच की! तेच आखूड तपकिरी केस, शेजारी फ्लिन. २०१० च्या 'टँगल्ड'मधली जोडी २०१३ च्या सिनेमात क्षणभर पाहुणी.

गंमत आहे, पण दुसऱ्याच्या लग्नाच्या अल्बममध्ये आपलं तोंड सापडावं, तेवढीच. मला गोडी लागली ती नावांची. हान्स, क्रिस्टॉफ, आना, स्वेन. "भरभर म्हण," म्हटलं. म्हणाली, काही लागेना. आपण मूळ कथेच्या डॅनिश लेखकाला अँडरसन म्हणतो, तो मधला 'ड' आडवा येतो. डॅनिश लोक तो उच्चारतच नाहीत. 'ड' गाळला आणि चौघांचे मिळून हान्स क्रिस्टियन अँडरसन उभे राहिले. त्यातही लेखकाचं पहिलं नाव खलनायकाला! हा चावटपणा कुणाचा, त्याला माझा नमस्कार.

अँडरसनची 'द स्नो क्वीन' १८४४ ची. सैतानी आरसा फुटतो, त्याची एक कपची 'काय' नावाच्या मुलाच्या डोळ्यात जाते, एक काळजात, आणि काळीज बर्फ होतं. सिनेमात आरसा नाही. पण आनाला बर्फाचा मार दोनदा बसतो: लहानपणी डोक्यात, मोठेपणी काळजात. डोक्यातला निघतो, काळजातला जिवावर बेततो. कथेत कायची मैत्रीण गेर्डा हिच्या आसवांनी काळीज वितळतं; इथं एल्सा गोठलेल्या बहिणीच्या गळ्यात पडून रडते.

आणि शेवटी ते स्केट. कथेतली हिमराणी पळवून नेलेल्या कायला बर्फाचे तुकडे जुळवून 'अनंत' हा शब्द लावायला सांगते. जमलं तर सुटका, वर सगळं जग आणि नव्या स्केटची जोडी. जगाच्या जोडीला स्केट! मुलांची नस अँडरसनला बरोबर ठाऊक होती. सिनेमात एल्सा आनाच्या पायांत बर्फाचे स्केट घडवते, काही न मागता. हे मुद्दाम केलंय की आपसूक झालंय, कोण जाणे. मी ते मुद्दामच धरते.

तिथं भाचीनं सिनेमा थांबवला नाही. मीच रिमोट मागून घेतला.