ग्लॅडिएटरच्या हाडांतली राख

चित्रपटांतला ग्लॅडिएटर, म्हणजे प्राचीन रोममध्ये रिंगणात झुंजणारा योद्धा, कसा, तर पिळदार अंगाचा आणि मांसाच्या तंगड्या तोडणारा. रोमन लोक मात्र त्याला ‘जव खाणारा’ म्हणत. खरे कोण, हे अखेर हाडांनी सांगितले.

आजच्या तुर्कस्तानात इफिसस हे प्राचीन शहर आहे. तिथे १९९३ साली ग्लॅडिएटरांची दफनभूमी सापडली. सांगाडे दुसऱ्या-तिसऱ्या शतकांतले, बहुतेक तरण्या पुरुषांचे. माणूस काय खातो, याची नोंद हाडांत राहते. मांसाहार जास्त असेल, तर नायट्रोजनच्या जड समस्थानिकाचे प्रमाण वाढते. व्हिएन्ना आणि बर्न इथल्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत ग्लॅडिएटरांचे जेवण प्रामुख्याने धान्याचे आणि कडधान्यांचे निघाले. शहरातले सामान्य लोकही जवळपास तेच खात.

फरक पडला तो स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्यात. कॅल्शियमच्या तुलनेत त्याचे प्रमाण ग्लॅडिएटरांच्या हाडांत इतरांच्या जवळपास दुप्पट होते. जेवण सारखेच, मग हे आले कुठून? संशोधकांचा अंदाज राखेवर आहे. रोमन लेखक थोरल्या प्लिनीने लिहून ठेवले आहे की, झुंजीनंतर ग्लॅडिएटर चुलीतली राख कालवलेले पेय घेत. वनस्पतींच्या राखेत कॅल्शियम असते, त्याच्या जोडीने स्ट्रॉन्शियमही. आजचे खेळाडू कॅल्शियमच्या गोळ्या घेतात, तसाच हा प्रकार.

एवढी काळजी कशासाठी? हिशेब सरळ होता. ग्लॅडिएटर बहुधा गुलाम, कैदी किंवा करार करून आलेला असे, आणि त्याला तयार करायला मालकाचा पैसा लागे. मेलेला ग्लॅडिएटर म्हणजे बुडालेले भांडवल. म्हणून त्यांच्यासाठी वैद्य असत. पुढे रोमच्या सम्राटांचा वैद्य झालेला गेलेन १५७ सालापासून काही वर्षे पर्गमम शहरातल्या ग्लॅडिएटरांवर उपचार करत होता. आपल्या काळात पूर्वीपेक्षा कमी माणसे दगावली, असे तो अभिमानाने सांगतो. घेवड्यासारख्या शेंगांच्या दाण्यांनी त्यांचे अंग घट्ट न होता पिलपिले होते, अशी तक्रारही करतो! इफिससच्या सांगाड्यांवरही नीट जुळलेली हाडे आणि भरून आलेल्या जखमा दिसतात.

कवट्यांवरच्या प्राणघातक जखमांत मात्र एकाच माथ्यावर अनेक घाव सहसा नाहीत. म्हणजे झुंज बेबंद नव्हती, तिला नियम होते. काही कवट्यांवर चौकोनी भोके आहेत, हातोड्याची. हरून पडलेल्याला संपवण्याचे काम रिंगणात वेगळ्या माणसाकडे असे, आणि हा घाव त्याचाच असावा, असे अभ्यासकांना वाटते.