टर्बोसाठी अल्टरनेटर हलवताय? आधी दौंड स्टेशनवर रेल्वेच्या डब्याखाली बघा

रील बघता बघता एखादी जुनी लिनिया किंवा पुंटो समोर येतेच. बॉनेट उघडं, आत मोठा टर्बो, आणि खाली कॅप्शन असतं, 'अल्टरनेटर रिलोकेट केला'. कमेंटमध्ये नुसते आगीचे इमोजी.

विषय असा आहे की, हे काम चुकलं तर खरीखुरी आगही लागू शकते.

या गाड्यांचं आणि शिरूर तालुक्याचं नातं जुनं आहे. रांजणगाव म्हटलं की आपल्याला महागणपती आठवतो, पण तिथल्याच एमआयडीसीत फियाटचा कारखाना आहे. लिनिया टी-जेट तिथलीच. 2015 साली आलेली अबार्थ पुंटोही तिथलीच. 1.4 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि 145 हॉर्सपॉवर! भारतात फियाटच्या गाड्या बंद झाल्या, पण वेगाचा नाद असलेली पोरं आजही त्या शोधून घेतात आणि त्यांच्यावर काम करून घेतात.

पण अल्टरनेटर हलवायचा कशासाठी?

गॅरेजमध्ये ज्याला सरसकट 'डायनॅमो' म्हणतात तोच हा अल्टरनेटर. इंजिनच्या पुलीवरून पट्टा येतो, अल्टरनेटर फिरतो, वीज तयार होते. त्यावर बॅटरी चार्ज होते, दिवे, फॅन, फ्युएल पंप, ईसीयू सगळं चालतं.

कंपनी तो इंजिनला चिकटून, जागा मोजून बसवते. मग मालक मोठा टर्बो घालतो किंवा दुसरंच इंजिन बसवतो. आता एक्झॉस्टचा पाईप नेमका अल्टरनेटरच्या जागेतून न्यावा लागतो. पूर्ण जोरात चालणाऱ्या टर्बो पेट्रोल इंजिनच्या एक्झॉस्टचा गॅस 800-900 अंशांपर्यंत तापतो. त्याच्या शेजारी अल्टरनेटर ठेवला तर आतले डायोड आणि वायरिंगचं इन्सुलेशन फार दिवस टिकत नाही. शिवाय अल्टरनेटर जितका तापेल तितका करंट कमी देतो.

म्हणून तो हलवतात. कुणी खाली, एसी कॉम्प्रेसर काढून त्याच्या जागी. कुणी इंजिनच्या दुसऱ्या बाजूला. काही रेसच्या गाड्यांत तर तो इंजिनपासून तोडून थेट मागे नेतात आणि चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवरून फिरवतात.

इथे दौंड स्टेशन कुठून आलं?

दौंड जंक्शनवर जुन्या आयसीएफ डब्यांची गाडी समोरच्या लाईनवर उभी असेल, तर प्लॅटफॉर्मवरूनच डब्याच्या खाली बघा. रुळांवर उतरायचं नाही! चाकांच्या बोगीला एक जाडजूड गोल यंत्र लटकलेलं दिसेल आणि चाकाच्या ॲक्सलवरून त्याला पट्टे आलेले दिसतील.

तो अल्टरनेटरच आहे. गाडी पळते, ॲक्सल फिरतो, पट्ट्यावर अल्टरनेटर फिरतो, डब्याचे दिवे-पंखे चालतात आणि 110 व्होल्टची बॅटरी चार्ज होते. साध्या डब्याला साधारण साडेचार किलोवॅट, तर एसी डब्याला 25 किलोवॅटचे अल्टरनेटर असतात.

पण गाडी स्टेशनात उभी राहिली की ॲक्सल थांबतो आणि सगळा भार बॅटरीवर येतो. रेल्वेने तेवढी मोठी बॅटरी डब्याखाली दिलेली असते. आपल्या गाडीत ती नसते. म्हणूनच शाफ्टवरचा अल्टरनेटर लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर, ड्रॅग रेसपुरता ठीक. सिग्नलला आणि ट्रॅफिकमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीला तो उपयोगाचा नाही. रस्त्यावरच्या गाडीत अल्टरनेटर इंजिनवरच फिरला पाहिजे.

मग काम कुठे चुकतं?

लेथवर जाऊन ब्रॅकेट करून आणला, बोल्ट आवळले, गाडी स्टार्ट झाली म्हणजे काम झालं असं वाटतं. खरी परीक्षा चार ठिकाणी असते.

1. पट्ट्याची रेष. सगळ्या पुली एका सरळ रेषेत हव्यात. एक फूट अंतराला साधारण दीड मिलीमीटरच्या वर फरक गेला की पट्टा कडेने झिजतो आणि एक दिवस उडतो. काही इंजिनांत वॉटर पंपही त्याच पट्ट्यावर असतो. म्हणजे पट्टा गेला की चार्जिंग गेलं आणि इंजिनही तापलं. ब्रॅकेट पातळ पत्र्याचा असेल तर तो थरथरतो आणि रेष पुन्हा बिघडते.

2. पट्ट्याचा विळखा. अल्टरनेटरची पुली लहान असते. जागा बदलल्यावर पट्टा तिला पुरेसा वळसा घालत नसेल तर तो घसरतो, किंचाळतो. पट्टा नुसता आवळत बसलात तर बेअरिंग जातं. यावर उपाय म्हणजे मधे एक आयडलर पुली.

3. फिरण्याचा वेग. समजा इंजिनची पुली 150 मिलीमीटरची आणि अल्टरनेटरची 55 ची. म्हणजे इंजिनच्या एका फेऱ्याला अल्टरनेटरचे जवळपास पावणेतीन. 6,500 आरपीएमला अल्टरनेटर साडेसतरा हजारांच्या वर फिरतो. साध्या कारच्या अल्टरनेटरची मर्यादा 18,000 च्या आसपास असते. ईसीयू रिमॅप करून आरपीएम वाढवले असतील तर पुलीही बदलावी लागते.

4. वायर. आगीचा विषय इथे आहे. अल्टरनेटर लांब गेला की जाड वायरही लांबते. तीन मीटरची, 6 चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर घेतली आणि त्यातून 100 अँपिअर गेले, तर जवळपास 0.86 व्होल्ट वाटेतच जातात. म्हणजे 86 वॅटची उष्णता, एका वायरमध्ये! तीच वायर 16 चौरस मिलीमीटरची असेल तर फक्त 0.32 व्होल्ट जातात. शिवाय बॅटरीच्या टोकाजवळ योग्य फ्यूज हवा, वायर एक्झॉस्टपासून लांब हवी आणि इंजिन ते बॅटरी अर्थची वायरही तेवढीच जाड हवी.

घरी कसं तपासायचं?

मल्टीमीटर घ्या. गाडी चालू ठेवून बॅटरीवर साधारण 13.5 ते 14.5 व्होल्ट दिसले पाहिजेत. मग हेडलाईट, फॅन, म्युझिक सगळं लावा. आकडा 13 च्या खाली घसरत असेल तर कुठेतरी गडबड आहे. आणि चार्जिंग तपासायला चालू गाडीत बॅटरीची वायर काढायची जुनी सवय सोडा. त्या झटक्यात व्होल्टेज उसळून ईसीयू उडू शकतो.

आणि आरटीओ?

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. नुसता अल्टरनेटर सरकवला तर आरसीवर काही बदलत नाही, पण तो ज्या इंजिनसाठी सरकवला ते बदलायला परवानगी लागते. इन्शुरन्स कंपनीला बदल कळवला नसेल तर क्लेमही अडकू शकतो.

आता ऊसतोडीच्या दिवसांत रात्री शिरूरहून न्हावरामार्गे चौफुल्याला निघालाय असं समजा. पुढे उसाची ट्रॉली, मागे लाल दिव्याचा पत्ता नाही. पट्टा उडाला, डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला, आणि थोड्या वेळात हेडलाईट मंद व्हायला लागले. त्या क्षणी टर्बो किती मोठा आहे याला काही अर्थ नसतो.

म्हणून हे काम करायचंच असेल तर आधी वायरमनकडे बसून वायर, फ्यूज आणि पुलीचा हिशोब करा. ब्रॅकेटसाठी लेथवर त्यानंतर जा.