परदेशात पीसी बांधताना रॅम कशी निवडायची?

मी जर्मनीत राहतो, दोन वर्षांनी पुण्याला परतायचंय. तर सुटे भाग आणून पीसी बांधताना मी काय बघतो, ते सांगतो.

आधी मदरबोर्ड ठरवा, मग रॅम. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना 288 पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी. एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसतच नाही. एएमडीचा एएम५ बोर्ड असेल तर डीडीआर५च लागते.

32 जीबी हवी असेल तर 16-16 जीबीच्या दोन पट्ट्या एकाच पाकिटातल्या घ्या, म्हणजे ड्युअल चॅनल मिळतं. बायॉसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करा, नाहीतर खोक्यावर लिहिलेला वेग मिळत नाही.

आता परदेशाचा मुद्दा. इथे ऑनलाइन घेतलेली वस्तू 14 दिवसांत परत करता येते, म्हणून भाग आले की लगेच जोडून बघा. वॉरंटी भारतात चालेल का, हे घेण्याआधीच विचारा. वीज दोन्हीकडे 230 व्होल्ट, त्यामुळे पॉवर सप्लायची फक्त वायर बदलायची. अमेरिकेत मात्र 120 व्होल्ट. तिथून परतणाऱ्यांनी सप्लायवर 100–240 लिहिलंय ना, ते बघा.

आणि बिलं जपून ठेवा बरं का!