चाकात बसलेली मोटर

साध्या मोटारगाडीत इंजिन एकीकडे आणि चाके दुसरीकडे असतात. पण मोटर थेट चाकातच बसवली तर? ही कल्पना जुनीच आहे बरं का! १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात फर्डिनांड पोर्श यांनी बनवलेली विजेची गाडी होती. तिच्या पुढच्या दोन्ही चाकांत मोटरी होत्या. आज रस्त्यावर दिसणाऱ्या काही विजेच्या स्कूटरींच्या मागच्या चाकातही मोटर असते.

अशा मोटरीत मधल्या आसावर तांब्याच्या तारेची वेटोळी पक्की बसवतात. ती फिरत नाहीत. चाकाच्या कड्याला आतून लोहचुंबक असतात. वेटोळ्यात वीज गेली, की तेही चुंबक बनते आणि कड्याला ओढते. कडे जवळ आले, की लगेच वीज पुढच्या वेटोळ्यात गेली पाहिजे. नाहीतर चाक तिथेच अडेल. बैलापुढे वैरणीची पेंढी धरून चालत राहावे, तसेच हे.

मी विज्ञानाच्या तासाला होकायंत्राभोवती चुंबक फिरवला. सुई त्याच्यामागे गोल फिरली. तुम्हीही करून पाहा.

पण बॅटरीची वीज एकाच दिशेने वाहते. तिला गोल कोण फिरवतो? इन्व्हर्टर! वीज गेल्यावर घरातले दिवे लावतो, त्याचाच हा भाऊ. गाडीच्या इन्व्हर्टरात प्रत्येक मोटरीसाठी साधारण सहा इलेक्ट्रॉनिक स्विच असतात. ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात. त्यांत हलणारा भागच नाही, म्हणून ते झिजत नाहीत. स्विच जास्त वेळ चालू ठेवला, की चाकाला जोर जास्त मिळतो. ब्रेक दाबला, की मोटर सायकलच्या डायनामोसारखी वीज तयार करते आणि ती बॅटरीत परत जाते.

अडचणीही आहेत. स्विच तापतात, त्यांना थंड ठेवावे लागते. चाकात धूळ, पाणी आणि खड्ड्यांचे धक्के असतात. शिवाय चाक जड होते.

सगळ्यांत मोठा धोका वेगळाच. एका बाजूचा स्विच बिघडून अडकला, तर ते चाक मागे ओढते आणि दुसरे पुढे ढकलते. जोडीतला एक बैल अडला, तर बैलगाडी कशी वळते? तसेच होईल! म्हणून गाडीतला छोटा संगणक सतत पहारा देतो. एकीकडे बिघाड झाला, तर तो दुसरीकडचा जोरही ताबडतोब कमी करतो.

म्हणजे चाकात मोटर बसवणे एकवेळ सोपे. सगळी चाके एकमताने चालवणे अवघड. आणि गाडीतल्या माणसांचा जीव त्यावरच अवलंबून असतो.

– इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी